चेंडू आपला

बुधवार, ६ एप्रिल

आजपासून मी टेनिस खेळतो. हे वाक्य लिहिलं आणि पेन खाली ठेवून बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो. जन्मभर स्टेशनावरच्या काचेच्या खोलीत बसून गाड्यांच्या घोषणा केल्या. धावले ते लोक. मी फक्त कुठे धावायचं ते सांगितलं. आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी पांढरे बूट.

ही सगळी करणी लेकीची आणि जावयाची. दोघांनी परस्पर हौशी डबल्स लीगमध्ये नाव घातलं, माझं आणि व्याहीबुवांचं, एक जोडी म्हणून. दर बुधवारी संध्याकाळी, पाण्याच्या टाकीमागच्या कोर्टांवर. लेक म्हणाली, बाबा, तुम्ही घरात बसून गंजताय. जावई म्हणाले, आमचे बाबा तर दुकान विकल्यापासून भिंतीशी बोलतात. व्याहीबुवांचं औषधांचं दुकान होतं. कुठल्याही डॉक्टरचं कसलंही अक्षर त्यांना वाचता येतं. बोलतात मात्र डोस मोजून दिल्यासारखं.

पहिला सामना दोन नर्सबाईंशी. पहिलाच चेंडू आम्हा दोघांच्या बरोबर मधोमध आला. मी म्हणालो, "घ्या." ते म्हणाले, "छे छे, तुम्ही घ्या." मी म्हणालो, असं कसं, तुम्ही आधी. चेंडू मध्ये पडला, उडाला, पुन्हा पडला, आणि शेवटी बिचारा स्वतःच मागे निघून गेला. दुसरा चेंडूही तसाच. सात-आठ वेळा झाल्यावर एका नर्सबाईंनी सवयीनं विचारलं, कुठे दुखतंय का.

यात आमचा इलाज नाही. मुलांचं लग्न झाल्यापासून मी व्याह्यांच्या आधी पाण्याचा पेला उचललेला नाही, त्यांनी माझ्या आधी उंबरठा ओलांडलेला नाही. एकदा तर 'आधी तुम्ही' करता करता लिफ्ट आम्हाला खाली सोडून वर गेली होती. आत लेक आणि जावई.

सहा-शून्य, सहा-शून्य. पण खेळ फार सुसंस्कृत झाला.

गुरुवार, ७ एप्रिल

अंगाचा एकेक सांधा स्वतंत्रपणे बोलतोय.

संध्याकाळी लेक राहायला आली. त्यांच्या घराला रंग काढलाय म्हणे. दोन मोठ्या बॅगा आणि शिवणयंत्र. रंगाला आणि शिवणयंत्राला काय संबंध, असं विचारलं तर म्हणाली, शिंतोडे उडतात. पटलं. पोरगी पहिल्यापासून वस्तूंना जपणारी.

घरात यंत्राची टकटक सुरू झाली की मला शाळेतले गुरुजी आठवतात. कविता शिकवताना ते टेबलावर पट्टी आपटून लघु-गुरू मोजायचे. आम्ही पन्नास मुलं एका आवाजात म्हणायला लागलो की शेजारच्या वर्गातलं गणित बंद पडायचं. गणिताचे मास्तर दारात येऊन उभे राहायचे, आणि कडवं संपेपर्यंत रागवायचे नाहीत.

बुधवार, १३ एप्रिल

आज ठरवून गेलो होतो की 'घ्या, घ्या' करायचं नाही. चेंडू मध्ये आला की एकानं एकच शब्द उच्चारायचा. मी बराच विचार करून शब्द निवडला होता: 'आपला'. आदरही राहतो आणि वेळही वाचतो.

पहिला चेंडू आला. मी म्हणालो, "आपला." म्हणजे अर्थातच आपणा महोदयांचा. व्याहीबुवांनी ऐकलं, आपला म्हणजे आपल्या दोघांचा. ते समजले की मीही येतोय. येणाऱ्याला वाट द्यावी म्हणून बाजूला झाले. चेंडू गेला. पुढच्या वेळी ते "आपला" म्हणाले. मला वाटलं, ते दोघांचा म्हणताहेत, म्हणून मी धावलो. त्यांना वाटलं, मला कळलं नसावं, म्हणून तेही धावले. माझा चष्मा त्यांच्या खिशात सापडला.

लीगचे सेक्रेटरी म्हणजे दातवाले डॉक्टर. शेजारच्या कोर्टावरून ते धावत आले आणि विचारलं की नक्की चेंडू कुणाचा ठरला होता. मी म्हणालो, आपला. ते दचकून म्हणाले, माझा कसा, मी तर तिकडे खेळत होतो.

पुन्हा दोन्ही सेट शून्यावर. घरी येऊन चार ओळींचं करायचं म्हणून बसलो, दोनच जमल्या. वृत्त मात्र सरळ ठेक्याचं, गुरुजींच्या पट्टीला शोभेल असं:

कुठे चालला चेंडु वाऱ्यासवे तू
मला येउ दे, थांब, मी येत आहे

लेकीला वाचून दाखवल्या. ती हसली, मग उठून तोंड धुऊन आली. रंगाच्या वासानं तिचे डोळे अजून चुरचुरतात वाटतं.

रविवार, १७ एप्रिल

जावई सकाळी गाडीतून लेकीच्या कुंड्या घेऊन आले. अकरा कुंड्या. फाटकाशी एकेक उतरवून ठेवली, मातीसुद्धा सांडू दिली नाही. मी गॅलरीतून वर बोलावलं, चहा टाकतो म्हटलं. हात जोडून नको म्हणाले. लेक खाली गेली. दोघं कुंड्यांकडे बघत उभे होते, एकमेकांकडे नाही. लग्नाला सहा वर्षं झाली तरी अजून माझ्यासमोर लाजतात. मला हे फार आवडतं. आमच्या वेळी ही आणि मीसुद्धा असेच होतो.

मात्र रंगाचं काम लांबलेलं दिसतं. कुंड्या बाहेर काढाव्या लागल्या म्हणजे गॅलरीही रंगवताहेत.

बुधवार, २० एप्रिल

आज वाईट झालं. सामना संपल्यावर (आकडे लिहीत नाही) दातवाल्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाकावर बसवलं. दात काढायच्या आधी बोलतात तशा मऊ आवाजात ते म्हणाले की लीगच्या नियमाप्रमाणे जी जोडी अकरा मेपर्यंत एकही सेट जिंकत नाही, ती फोडावी लागते. मग दोघांना वेगवेगळे जोडीदार देतात. कुणाचा दोष नसतो, असंही म्हणाले, फक्त जमत नाही.

जोडी फोडणे. केवढा आडदांड शब्द. मी उठून उभा राहिलो आणि माझा जुना घोषणेचा आवाज आपोआप लागला. म्हणालो, जोडी म्हणजे लाकडाचा ओंडका नसतो, डॉक्टर. दोन माणसांचं जमत नसेल तर त्यांना वेळ द्यायचा असतो. तिन्ही कोर्टांवरचे खेळ थांबले. लोक पिशव्या उचलून कुठल्या फलाटावर जायचं अशा नजरेनं माझ्याकडे बघू लागले.

व्याहीबुवा जमिनीकडे बघत होते. परत येताना वाटेत दोनदा म्हणाले, "तुम्हाला एक सांगायचं होतं." मी म्हणालो, आधी माझं ऐका. आणि जोडी टिकवण्याबद्दल जे काही सुचलं होतं ते घर येईपर्यंत सांगत राहिलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. फार सोशिक माणूस.

खरं सांगायचं तर मला भीती वाटते आहे. ही गेल्यापासून माझ्या आठवड्याला बुधवार हा एकच वार उरला आहे.

शनिवार, २३ एप्रिल

डॉक्टरांनी उपाय सुचवलाय. 'माझा' आणि 'तुझा', एवढे दोनच शब्द वापरायचे. 'तुमचा' म्हणेस्तोवर चेंडू टप्पा घेऊन मोकळा होतो. मी बोटांवर मोजून पाहिलं. तुमचा, लघु लघु गुरू. तुझा, लघु गुरू. सगळा घोटाळा एका लघूचा आहे. डॉक्टर बरोबर आहेत.

पण व्याह्यांना 'तू' कसं म्हणायचं? कवितेत सोपं असतं. चंद्राला तू, वाऱ्याला तू, देवालासुद्धा तू. व्याह्याला तू म्हटलेली एकही कविता आम्हाला शाळेत नव्हती.

सरावासाठी त्यांच्या घरी गेलो. समोरासमोर दोन खुर्च्या टाकून बसलो. त्यांनी सुरुवात केली: "तू..." आणि कान लाल करून "...म्ही चहा घेणार?" मी म्हणालो, "तू... तूर्त नको." तासभर घाम गाळला. एकदा त्यांना 'तुझा' साधलं, पण लगेच उठून माझी माफी मागितली.

तेवढ्यात आतल्या खोलीतून जावई बाहेर आले, बनियनवर, गालाला साबण लावलेला. मला बघून परत आत गेले. म्हणजे रंगामुळे त्यांचीही गैरसोय होतेय आणि तेही वडिलांकडे राहताहेत. मी व्याह्यांना म्हणालो, असा कसला रंग काढलाय हो यांनी? व्याहीबुवा माझ्याकडे एकटक बघत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही खरंच विचारताय?" मी म्हणालो, तेलाचा की पाण्याचा एवढंच. त्यांनी उठून आणखी चहा ओतला.

बुधवार, २७ एप्रिल

एक गेम जिंकलो. समोरच्यांनी चार वेळा जाळीत मारला म्हणून, पण जिंकलो. व्याहीबुवांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं. 'तू' अजून जमत नाही. मी आज एका चेंडूला 'तू' म्हणून बघितलं, तेवढीच प्रगती.

सोमवार, २ मे

मोठी गंमत. दुपारी डोळा लागल्यासारखं करून पडलो होतो. लेक गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत फोनवर बोलत होती. ऐकू आलं ते असं: "नाही, अजून नाही सांगितलं... तू बाबांना सांग, त्यांनाही गप्प राहा म्हणावं... त्यांचा बुधवार मोडेल रे. अकरापर्यंत थांबू. मग सगळं एकदमच सांगू."

मला काय ते लगेच कळलं. जूनमध्ये मला पंच्याहत्तरावं लागतंय. पोरं काहीतरी मोठा बेत करताहेत, आणि व्याहीबुवाही कटात सामील आहेत. तेच ते सांगू बघत होते. बोलता बोलता लेकीचा आवाजही भरून आला होता.

आरशासमोर उभा राहून आश्चर्याचा चेहरा करून पाहिला. भुवया वर जातात, पण तोंड आपोआप उघडत नाही. सराव करायला हवा.

बुधवार, ४ मे

हरलो. पण एका सेटमध्ये दोन गेम. आता एकच बुधवार हातात आहे. व्याहीबुवांची सर्व्हिस हल्ली गोळ्या पुडीत बांधाव्यात तशी नेमकी पडते. माझी सर्व्हिस वृत्तात असते. लघूवर चेंडू वर, गुरूवर हात मागे, दुसऱ्या गुरूवर फटका. चौथ्या गणाला दम लागतो.

बुधवार, ११ मे

उशीर झालाय, तरी आजच लिहितो.

शेवटचा सामना खुद्द दातवाले डॉक्टर आणि चष्म्याच्या दुकानवाल्या बाई यांच्याशी. पहिला सेट शून्यावर गेला. दुसऱ्यातही दोन गेम गेले. बाजू बदलताना पाणी प्यायला थांबलो. व्याहीबुवा अगदीच खचलेले दिसले. त्यांना धीर यावा म्हणून मी हळूच म्हणालो की पोरं काय लपवताहेत ते मला कळलंय.

त्यांनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. म्हणाले, सुटलो. महिनाभर ही गोळी जिभेखाली धरून बसलोय. मी म्हणालो, मला फक्त एवढंच सांगा, पंच्याहत्तरीला किती माणसं बोलावताहेत?

एकत्र चालत नाहीत अशी दोन औषधं एकाच चिठ्ठीवर दिसावीत तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग जागेवर जाऊन उभे राहिले. डॉक्टरांची सर्व्हिस आली. चेंडू एकदा तिकडे, एकदा इकडे, आणि मग नेहमीसारखा बरोबर मधोमध.

"अरे," व्याहीबुवा म्हणाले, "ते दोघं वेगळे होतायत. तुला कळत कसं नाही?"

मला आधी 'अरे' ऐकू आलं. मग 'तुला'. अर्थ मागाहून आला, लेट झालेल्या गाडीसारखा. तोपर्यंत माझ्या हातानं तो चेंडू कसा कोण जाणे चष्मेवाल्या बाईंच्या पायाशी मारला होता. पॉइंट आमचा.

त्यानंतरचं नीट आठवत नाही. आश्चर्याचा चेहरा महिनाभर केलेल्या... नाही, आठवडाभर केलेल्या सरावाप्रमाणे आला नाही, एवढं आठवतं. मी विचारलं, तुला कधीपासून माहीत आहे. "माझा!" ओरडून त्यांनी फटका मारला आणि म्हणाले, पहिल्या बुधवारपासून. मी "माझा!" म्हणून त्यांच्या अंगावरून झेप घेतली आणि विचारलं, तुझ्या मुलानं माझ्या पोरीला काय केलं. म्हणाले, काही नाही केलं, तुझ्या मुलीनं काय केलं ते विचार. मी म्हणालो, तिनं काहीही केलेलं नाही. ते म्हणाले, मग रडतोस कशाला, चेंडू बघ.

मी रडत होतो का? असेन. चष्म्यावर पाणी होतं खरं.

डॉक्टर आणि बाई अर्ध्या वेळेला रॅकेट खाली धरून नुसते ऐकत होते. दुसऱ्यांची तोंडं उघडणारा माणूस स्वतः आ वासून उभा. शेजारच्या कोर्टांवरचे लोक कुंपणाच्या जाळीला चिकटले. चारावर चार गेम झाले तेव्हा दोघी नर्सबाई आमच्यातलं भांडण सोडवायला आत आल्या. डॉक्टरांनी त्यांना थांबवलं, मध्ये पडलात तर पॉइंट बाद होईल म्हणाले. मी ओरडलो, रंग काढलाय म्हणून सांगितलं होतं मला, शिवणयंत्र आणलं, अकरा कुंड्या आणल्या. चष्मेवाल्या बाई जाळीपलीकडून हळूच म्हणाल्या, "काका, कुंड्यांवरून कळायला हवं होतं."

सेट सहा-चार. आमचा.

तिसरा सेट गेला, पण त्याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. डॉक्टरांनी आमच्या जोडीपुढे 'कायम' असं लिहिलं आणि आम्हा दोघांचे हात हातात घेतले. मग म्हणाले, रात्री गरम पाण्यानं चूळ भरा.



गुरुवार, १२ मे

सकाळी लेकीला म्हणालो, कुंड्या गॅलरीत दाटीवाटीनं बसल्यात, जिन्यातही थोड्या ठेव. आता इथेच राहायच्या आहेत ना.

तिनं पाण्याचा झारा खाली ठेवला. मग सगळं सांगितलं. मी मध्ये बोललो नाही. कविता सुचली नाही, हे मुद्दाम नोंदवून ठेवतो. भांडण नाही, कुणी कुणाला फसवलेलं नाही. ती म्हणाली, "आमच्यात काही वाईट नाही बाबा. फक्त कुणी काही मागतच नाही. सहा वर्षं आम्ही एकमेकांना 'तुला हवं तसं' म्हणत बसलो."

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस. ती म्हणाली, तुम्हाला त्यांच्याशिवाय कोण आहे? आमचं मोडलं तर तुमचं व्याह्यांकडे जाणंयेणं कुठल्या तोंडानं राहणार? म्हणून दोघांनी मिळून आधी तुमचं टेनिस लावून दिलं. नातं राहिलं नाही तरी बुधवार राहावा म्हणून.

म्हणजे त्या दोघांनी एकत्र बसून शेवटची जी गोष्ट ठरवली, ती आम्ही.

मला दोघांचाही राग येईना. मी प्रयत्न केला. शेवटी पाण्याचा झारा उचलून उरलेल्या कुंड्यांना पाणी घातलं. अकरावीला घालून झाल्यावर लेक म्हणाली की त्यातलं झाड प्लास्टिकचं आहे.

बुधवार, १८ मे

जायचं की नाही, दिवसभर ठरेना. पाच वाजता बूट घातले, सव्वापाचला काढले. साडेपाचला फाटकाशी तो उभा दिसला, रॅकेट काखेत धरून. वर बघत होता, पण हाक मारत नव्हता. मला वाटतं त्यालाही तीच अडचण होती. व्याही तर म्हणता येत नाही आता. कागद व्हायचेत अजून, पण शब्द आधीच निकामी झालाय. नुसतं 'अहो' म्हणावं तर गेल्या बुधवारी गावासमोर एकमेकांना तू-तू करून झालंय. मी खाली उतरलो. दोघं कोर्टापर्यंत चालत गेलो. तो म्हणाला, मुलगा नवीन ठिकाणी भाड्यानं खोली बघतोय. मी म्हणालो, लेकीनं शिवणाचा क्लास काढायचं ठरवलंय. बस्स.

समोर पुन्हा डॉक्टर आणि चष्मेवाल्या बाई. परतफेड करायला आले होते. बाईंनी पहिलाच चेंडू उंच उडवला. त्यांच्या मागे मावळतीचं ऊन होतं. चेंडू त्यात विरघळला आणि एकदम खाली आला. तो पुढे होता, चेंडू त्याच्या डोक्यावरून मागे पडणार होता. त्याला दिसलंच नव्हतं. हाक मारायला हवी होती आणि माझ्याकडे शब्दच नव्हता.

मग मी त्याचं नाव घेतलं. नाव मला माहीत होतं, मुलांच्या लग्नपत्रिकेत छापलेलं होतं, पण इतक्या वर्षांत तोंडानं कधी उच्चारलं नव्हतं. दोन अक्षरं आहेत. पोटातून ओरडलो, घोषणेच्या आवाजात नाही.

तो जागच्या जागी थांबला. चेंडूकडे नाही, माझ्याकडे वळला. चेंडू त्याच्या मागे टप्पा घेऊन कुंपणाच्या जाळीला लागला. विहीणबाई गेल्यावर त्याला या नावानं कुणी हाक मारत असेल असं मला वाटत नाही.

"परत म्हण," तो म्हणाला.

पलीकडून डॉक्टरांना वाटलं, तो पॉइंट परत खेळायला मागतोय. चष्मा सावरत ते म्हणाले, माफ करा, चेंडू आत पडला होता, नियमात बसत नाही.

मी परत म्हटलं.